विश्लेषण : पासवर्ड बदलला, तरी आउटलुक पुन्हा पुन्हा का विचारते?

डेस्कटॉपवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये नवा पासवर्ड भरणे हे पाच मिनिटांचे काम. पण नेटवर्क ये-जा करणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीत क्रम चुकला, तर तेच काम दोन दिवस पुरते.

फोनवर ई-मेलचा पासवर्ड बदलला. फोनवर मेल येत आहेत, ब्राउझरमध्येही उघडतात. कार्यालयातल्या संगणकावरचे आउटलुक किंवा थंडरबर्ड मात्र दर थोड्या वेळाने तीच चौकट पुढे करते : पासवर्ड टाका. नवा टाकला तरी तेच. मग शेजारच्या टेबलावरून सल्ला येतो, ‘अकाउंट डिलीट करून परत ॲड करा ना, होऊन जाईल.’ बहुतेक वेळा खरे नुकसान होते ते या सल्ल्याने, पासवर्डाने नव्हे.

मेल प्रोग्रॅम अजून वापरतो कोण?

मेल तर फोनवरच दिसतो, मग संगणकावर वेगळा प्रोग्रॅम कशाला, असे पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटू शकते. उत्तर नकाशात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १२ तालुक्यांचा आहे आणि त्याचा बहुतेक भाग जंगलाचा. भामरागड तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि गावाचा संपर्क तुटतो. मोबाइल टॉवर वाढले आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील नेटवर्क नसलेल्या ७,२८७ गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली, त्यात महाराष्ट्रही होता. तरी एटापल्ली, भामरागड, कोरची, सिरोंचा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरात फिरताना फोनवरच्या रेघा कधी चार, कधी शून्य, हा अनुभव रोजचा.

अशा ठिकाणी मेल प्रोग्रॅम कामाचा ठरतो. नेट आले की तो सगळे मेल जोडपत्रांसह संगणकावर उतरवून ठेवतो. नेट गेले तरी जुने पत्र शोधता येते, उत्तर लिहून ठेवता येते. वन कार्यालये, आश्रमशाळा, पतसंस्था, ठेकेदारांची कार्यालये अजून याच पद्धतीने चालतात. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर या पट्ट्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. असा व्यवहार करायचा तर खरेदीदार, बँक, पॅन, जीएसटी सगळीकडे एक ई-मेल पत्ता द्यावा लागतो. तो पत्ता हंगामाच्या तोंडावर उघडेनासा झाला, तर अडकते ती गावाची मजुरी.

पासवर्ड राहतो कुठे?

गोंधळाचे मूळ इथे आहे. आपण ‘आउटलुकचा पासवर्ड’ म्हणतो, पण तसे काही नसते. पासवर्ड हा मेल सेवेचा असतो आणि तो त्या सेवेच्या सर्व्हरवर ठरतो. आउटलुक किंवा थंडरबर्डकडे असते ती त्याची जपून ठेवलेली प्रत. घराचे कुलूप बदलले, पण धाकट्या भावाच्या खिशात जुनीच किल्ली राहिली, असा हा प्रकार. किल्लीवर कितीही नवे नाव लिहिले तरी कुलूप बदलत नाही. उलटेही खरे : मेल प्रोग्रॅममध्ये जाऊन पासवर्डच्या रकान्यात नवे काही लिहिले म्हणजे खात्याचा पासवर्ड बदलला, असे होत नाही. आधी कुलूप, मग किल्ली.

शिवाय किल्ल्या दोन असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेल आणण्यासाठी प्रोग्रॅम आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने एका सर्व्हरशी बोलतो, आणि मेल पाठवण्यासाठी एसएमटीपीने दुसऱ्याशी. दोन्हींसाठी पासवर्ड वेगवेगळा साठवलेला असू शकतो. (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हे सगळे पोर्ट क्रमांकांसह पाठ केले होते. ९९३ आणि ५८७ पुढे एवढे उपयोगी पडतील, असे तेव्हा वाटले नव्हते.) म्हणून ‘मेल येतात, पण जात नाहीत’ अशी तक्रार आली की नव्वद टक्के शोध तिथेच संपवावा : मेल पाठवण्याची किल्ली जुनीच राहिली आहे.

क्रम कसा ठेवायचा?

पासवर्ड बदलण्याआधी मेल प्रोग्रॅम ‘वर्क ऑफलाइन’ करा. आउटलुकमध्ये हा पर्याय ‘सेंड-रिसीव्ह’ टॅबवर आहे, थंडरबर्डमध्ये ‘फाइल’ मेन्यूतल्या ‘ऑफलाइन’मध्ये. कारण साधे आहे. पासवर्ड बदलल्याच्या पुढच्या क्षणापासून प्रोग्रॅम जुना पासवर्ड घेऊन दर काही मिनिटांनी सर्व्हरचे दार ठोठावत राहतो. एकाच पत्त्यावर कार्यालयात तीन संगणक आणि दोन फोन जोडलेले असतील, तर पाच जण ठोठावतात. सर्व्हरला हा कोणीतरी पासवर्डचा अंदाज घेत असल्यासारखा प्रकार दिसतो, आणि काही सेवा अशा वेळी खाते तात्पुरते अडवून ठेवतात. मग बरोबर पासवर्डही चालेनासा होतो आणि आपण तो पुन्हा बदलायला जातो.

यानंतर ब्राउझरमध्ये सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन पासवर्ड बदला. एकदा बाहेर पडून नव्या पासवर्डाने तिथेच पुन्हा आत या. हे जमले, की मगच मेल प्रोग्रॅमकडे वळा.

थंडरबर्डमध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’. इथे त्या खात्याच्या ओळी दिसतात. एक आयमॅपने (खाते पॉपवर असेल तर ‘मेलबॉक्स’ने) सुरू होणारी, दुसरी एसएमटीपीने. दोन्ही काढून टाका, प्रोग्रॅम बंद करून उघडा. मेल आणताना तो एकदा विचारेल आणि पहिला मेल पाठवताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळा नवा पासवर्ड टाकून लक्षात ठेवण्याच्या चौकोनात खूण करा.

जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये ‘फाइल’, मग ‘अकाउंट सेटिंग्ज’. नव्या आवृत्त्यांत तिथेच ‘अपडेट पासवर्ड’ मिळतो. जुन्या आवृत्त्यांत खाते निवडून ‘चेंज’वर जावे लागते. तिथे पासवर्ड लिहून ‘मोअर सेटिंग्ज’मधल्या ‘आउटगोइंग सर्व्हर’ या भागात एक नजर टाका. ‘येणाऱ्या सर्व्हरचेच सेटिंग वापरा’ असा पर्याय निवडलेला असेल तर दुसरी किल्ली आपोआप बदलते. तरीही चौकट येतच राहिली, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ आहे. तिथे पडून राहिलेली त्या खात्याची जुनी नोंद काढली की अनेकदा प्रश्न सुटतो. मॅक वापरणाऱ्यांना ‘सिस्टम सेटिंग्ज’मधील ‘इंटरनेट अकाउंट्स’ पाहावे लागेल.

नवा पासवर्ड अचूक आहे, तरी नाकारला जातो?

इथे चूक तुमची नसते. गेल्या काही वर्षांत मोठ्या मेल सेवांनी नियमच बदलले. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, नुसते नाव आणि पासवर्ड देऊन आत येणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद केले. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम, हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. आता प्रोग्रॅमने ओऑथ ही पद्धत वापरावी, अशी अपेक्षा आहे. त्यात प्रोग्रॅम पासवर्ड मागतच नाही. तो गुगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे पान उघडतो, तुम्ही तिथे ओळख पटवता आणि प्रोग्रॅमला मिळतो तो एक परवाना. थंडरबर्डमध्ये हे करायचे तर ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये पडताळणीची पद्धत ‘ओऑथ-टू’ निवडा, आणि एसएमटीपीसाठी वेगळ्याने तीच निवडा. कुकीज बंद केलेल्या असतील तर हे पान पुढे सरकत नाही, हेही पाहून घ्या.

पण आपल्याकडचे संगणक बऱ्याचदा त्याहून जुने असतात. ऑफिस २०१० चा पाठिंबा १३ ऑक्टोबर २०२० रोजीच संपला, आणि त्यातल्या आउटलुकला ओऑथ कळत नाही. तरी अनेक टेबलांवर ते चालूच आहे. जीमेलसाठी अशा वेळी ‘ॲप पासवर्ड’ हा मार्ग आहे. गुगल खात्यात दुहेरी पडताळणी सुरू केली, की १६ अक्षरांचा एक वेगळा पासवर्ड तयार करता येतो. तो एकदाच दिसतो, आणि आउटलुकमध्ये नेहमीच्या पासवर्डाऐवजी तोच टाकायचा असतो. झोहो मेलमध्येही दुहेरी पडताळणी चालू असेल तर डेस्कटॉप प्रोग्रॅमला असाच वेगळा पासवर्ड लागतो.

एक मेख आहे. गुगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी तयार केलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. त्यामुळे आउटलुक बंद पडते, आपण त्यात नवा मुख्य पासवर्ड टाकतो, तो नाकारला जातो, आणि हे चक्र सुरू राहते. नवा ॲप पासवर्ड तयार करणे, एवढाच त्यावर उपाय. विंडोज ७ वर अडकलेल्यांसाठी थंडरबर्डची ११५ ही शेवटची आवृत्ती आहे. ओऑथ तिला कळते. संगणक बदलण्याची मंजुरी येईपर्यंत काम भागू शकते, कायमची सोय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

ओटीपी आलाच नाही तर?

पासवर्ड बदलताना सेवा ओळख पटवायला सांगते आणि ओटीपी पाठवते. कार्यालयात फायबरचे किंवा उपग्रहाचे नेट सुरू आहे, पण मोबाइलला रेंज नाही, ही स्थिती दक्षिण गडचिरोलीत नवलाची नाही. ओटीपीसाठी फोन घेऊन रस्त्यावर, टेकाडावर जायचे आणि परत येईपर्यंत त्याची मुदत संपलेली, असे होते. दिल्ली-बंगळूरुत बसून या यंत्रणा रचणाऱ्यांनी हा प्रसंग कधी डोळ्यासमोर आणला असेल, असे वाटत नाही.

यावर दोन सोयी आहेत. त्या पासवर्ड बदलण्याच्या दिवशी नव्हे, आधी करून ठेवाव्या लागतात. पहिली, ऑथेंटिकेटर ॲप. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि इतरांची अशी ॲप मोफत आहेत. त्यात दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकड्यांचा क्रमांक दिसतो. तो कुठूनही येत नाही, फोनमध्येच तयार होतो. खाते जोडताना सर्व्हर आणि फोन यांच्यात एक गुप्त संख्या ठरते. पुढे दोघेही ती संख्या आणि त्या क्षणाची वेळ यांच्यावरून स्वतंत्रपणे एकच गणित करतात. म्हणून सिम नसलेल्या, फ्लाइट मोडवरच्या फोनवरही हा क्रमांक चालतो. अट एकच, फोनचे घड्याळ बरोबर हवे.

दुसरी सोय याहून साधी. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘बॅकअप कोड’ मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून कपाटात, महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवा. मॉनिटरला चिकटवू नका. कोणता वापरला त्यावर रेघ मारा.

घड्याळावरून आठवले. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर त्याची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेले नाही’ असे प्रोग्रॅमला वाटते आणि तो जोडणीच नाकारतो. आपण मात्र पासवर्डवर राग काढतो. भारनियमन असलेल्या भागात हा दोष वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. पासवर्डला हात लावण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचावी.

‘डिलीट करून परत ॲड करा’ यात धोका काय?

खाते आयमॅपवर असेल तर सहसा फार नाही. मेल सर्व्हरवर असतात, पुन्हा उतरतात. पण कित्येक जीबी मेल पुन्हा उतरवणे म्हणजे हळू नेटवर दोन-तीन दिवसांची निश्चिती. खाते पॉपवर असेल तर गोष्ट गंभीर. पॉपची जुनी रीत अशी, की मेल संगणकावर उतरवायचा आणि सर्व्हरवरून काढून टाकायचा. म्हणजे दहा वर्षांचा पत्रव्यवहार जगात फक्त त्या एका संगणकावर असू शकतो. आउटलुक तो पीएसटी फाइलमध्ये ठेवते. खाते काढल्यावर ही फाइल बहुधा जागेवर राहते, पण ती कुठे आहे हे माहीत नसलेला माणूस ‘जागा करण्यासाठी’ तीही पुसून टाकतो. थंडरबर्डमध्ये खाते काढताना मेलही पुसायचे का, असा चौकोन येतो. घाईत त्यावर खूण केली की संपले.

तेव्हा खाते काढायचेच असेल, तर आधी प्रोग्रॅम बंद करून पीएसटी फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ती सहसा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये असते. थंडरबर्डमध्ये ‘हेल्प’ मेन्यूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून प्रोफाइल फोल्डर सापडते. मुळात पासवर्ड बदलण्यासाठी खाते काढायची गरज जवळपास कधीच पडत नाही.

विंडोजमध्ये येणारे ‘न्यू आउटलुक’ हे वेगळे प्रकरण आहे. त्यात जीमेल किंवा इतर खाते जोडले, की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही जाते. खासगी वापराला चालेल, कार्यालयाने मात्र विचारून मगच जोडावे.

ऑनलाइन सेंटरवर उघडलेले खाते

गावातल्या अनेकांचा पहिला ई-मेल पत्ता झेरॉक्स किंवा ऑनलाइन सेंटरवाल्याने कुठलातरी अर्ज भरताना तयार केलेला असतो. पासवर्डही त्यानेच ठरवलेला. यात वाईट हेतू नसतो, रांग मोठी असते. पण तोच पत्ता पुढे शिष्यवृत्तीला, बँकेला, बचत गटाला, ग्रामसभेला जोडला जातो आणि किल्ली दुकानात राहते. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ लावला नसेल, तर ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’मध्ये साठवलेले सगळे पासवर्ड तो संगणक चालवणाऱ्याला वाचता येऊ शकतात. म्हणून अशा खात्याचा पासवर्ड स्वतःच्या फोनवरून बदला आणि पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक तुमचाच आहे ना, ते पाहा. तो सेंटरवाल्याचा असेल, तर पासवर्ड बदलूनही खाते त्याच्याच हातात राहते. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कोणी घुसल्याच्या संशयावरून पासवर्ड बदलला असेल, तर आणखी दोन ठिकाणे तपासा : ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ किंवा ‘रूल्स’. घुसखोर बरेचदा आपल्या पत्त्यावर प्रत जाईल असा नियम मागे ठेवून जातो. पासवर्ड बदलल्यावरही तो नियम चालूच राहतो, आणि खरेदीदाराला पाठवलेला बँक तपशील तिसऱ्याच माणसाला आधी दिसतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. ‘तुमचा मेल पासवर्ड आज संपत आहे, इथे क्लिक करा’ असा मेल आला, तर त्या दुव्यावरून काहीही बदलू नका. पत्ता स्वतः टाइप करून जा.

किती दिवसांनी बदलायचा?

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा सल्ला आता जुना झाला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने तो बदलायला लावू नये, अशीच अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण संस्थेची भूमिका आहे. सक्तीने बदलायला लावले की माणसे शेवटचा १ काढून २ लावतात. लांब पासवर्ड ठेवावा, आणि कारण घडले की बदलावा. आपल्याकडे ते कारण ठरलेले आहे : बदली. लिपिक, मुख्याध्यापक, ग्रामसभेचा सचिव बदलला, की कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत शिक्के आणि किल्ल्या असतात, मेलचा पासवर्ड नसतो. तो त्या दिवशी बदलला जावा आणि जुन्या माणसाच्या फोनवरून खाते काढले जावे. सरकारी डोमेनच्या खात्यांना स्वतःचे नियम आहेत. तिथे अडचण आली तर जिल्हाधिकारी कार्यालयातील एनआयसीच्या जिल्हा सूचना-विज्ञान अधिकाऱ्याकडे जावे, बाहेरच्या तंत्रज्ञाला पासवर्ड सांगू नये.

सगळे जुळल्यावर ‘वर्क ऑफलाइन’ लगेच काढू नका. आउटलुकमध्ये आधी ‘आउटबॉक्स’ उघडून पाहा. पासवर्ड नाकारला जात होता त्या काळात पाठवलेले मेल तिथे थांबलेले असतात आणि जोडणी होताच ते एकदम बाहेर पडतात. त्यात मागच्या आठवड्यातले जुने दरपत्रक असेल, तर ते आजच्या तारखेने खरेदीदाराकडे जाईल.